राजीनाम्याच्या दिवशी धाडस लागले नाही

नोकरी सोडून स्वतःचा व्यवसाय सुरू केला त्याला आता पाच वर्षे होत आली. या काळात मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न म्हणजे, ‘तुम्ही एवढे धाडस कुठून आणले?’ विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा राजीनाम्याचा दिवस असतो. खरे सांगायचे तर त्या दिवशी मला धाडस लागलेच नाही. अठरा वर्षे एका कारखान्याच्या गुणवत्ता विभागात काढल्यानंतर निरोपाच्या वेळी सहकारी कौतुक करत होते, वरिष्ठ शुभेच्छा देत होते, आणि चार लोक कौतुकाने पाहत असताना माणूस बऱ्याच अवघड गोष्टी सहज करून जातो. धाडस लागले ते त्यानंतर सातव्या आठवड्यात, एका मंगळवारी सकाळी. एका जुन्या परिचितांना फोन करून ‘मला काम द्याल का’ एवढेच विचारायचे होते. नंबर समोर लिहिलेला होता, आणि मी दीड तास टेबल पुसत, कागद लावत, पेन्सिलींना टोक काढत बसले होते.

माझा व्यवसाय मोजमापाची उपकरणे तपासून देण्याचा आहे. कारखान्यांत त्याला सगळे कॅलिब्रेशन म्हणतात. बारीक लांबी-जाडी मोजणारे मायक्रोमीटर आणि व्हर्नियर, दाब मोजणारे प्रेशर गेज, वजनकाटे ही उपकरणे वापरून वापरून हळूहळू चुकीचे दाखवू लागतात, आणि दुर्दैव असे की चूक दाखवतानाही ती तितक्याच आत्मविश्वासाने दाखवतात. म्हणून ठरावीक मुदतीने ती अधिक अचूक अशा ‘मास्टर’ उपकरणाशी ताडून पाहावी लागतात आणि किती फरक पडतो त्याचे सर्टिफिकेट द्यावे लागते. हे काम मला उत्तम येत होते. काम मागणे मात्र येत नव्हते, कारण अठरा वर्षांत ते मला कधी करावेच लागले नव्हते.

त्या दीड तासाचा मी पुढे पुष्कळ विचार केला. मला नेमकी कशाची भीती वाटत होती? पैसे बुडण्याची म्हणावी, तर एका फोनने पैसे बुडत नाहीत. भीती होती ती नकाराची, आणि नकारामागून येणाऱ्या एका वाक्याची: ‘बरी चालली होती नोकरी, कशाला नसता उद्योग केला?’ मराठीत ‘नसता उद्योग’ आणि ‘उद्योजक’ हे शब्द एकाच मुळातून यावेत, याची गंमत मला तेव्हा वाटली नव्हती. आता वाटते.

भीतीबद्दल वाचायला लागले तेव्हा काही गोष्टींनी धीर दिला. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये दाखवून दिले की लाभाच्या आनंदापेक्षा तेवढ्याच तोट्याचे दुःख माणसाला अधिक जाणवते. १९९२ च्या त्यांच्या मापनात हे प्रमाण सुमारे सव्वादोन पट आले. म्हणजे उंबरठ्यावर उभे असताना समोरचा तोटा आपल्याला दुपटीहून मोठा दिसतो, हा आपल्या एकटीच्या भित्रेपणाचा दोष नसून माणसाच्या मनाचीच घडण तशी आहे. माझ्या भाषेत सांगायचे तर हे एक चुकीचे दाखवणारे उपकरण आहे, आणि त्याची चूक कोणत्या दिशेला आहे हे ठाऊक झाले की ते फेकून न देताही वापरता येते.

दुसरा धीर अर्थशास्त्राने दिला, तोही जरा उलट्या वाटेने. फ्रँक नाइट या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९२१ मध्ये जोखीम आणि अनिश्चितता यांत भेद केला. फासे टाकताना काय काय होऊ शकते आणि त्यातल्या प्रत्येकाची शक्यता किती, हे आधी सांगता येते. ती जोखीम, आणि तिचा विमा काढता येतो. नवा व्यवसाय चालेल की नाही याची शक्यता मात्र कोणालाच आकड्यात मांडता येत नाही, कारण तशी परिस्थिती पूर्वी कधी आलेलीच नसते. ती अनिश्चितता, आणि नाइट यांच्या मते उद्योजकाला मिळणारा नफा म्हणजे ही अनिश्चितता अंगावर घेण्याचा मोबदला होय. हे वाचल्यावर माझी एक जुनी धडपड थांबली. राजीनाम्याआधीची दोन वर्षे मी ‘अजून थोडी माहिती मिळाली की ठरवू’ असे म्हणत होते. जी माहिती मला हवी होती ती अस्तित्वातच नव्हती. ती व्यवसाय सुरू केल्यावरच तयार होणार होती.

मग माहितीवाचून निर्णय घ्यायचा कसा? याचे मला पटलेले उत्तर सरस डी. सरस्वती या अभ्यासिकेच्या कामात सापडले. त्यांनी २७ अनुभवी उद्योगसंस्थापकांना एका काल्पनिक व्यवसायाचे प्रश्न सोडवायला दिले आणि सोडवताना मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगितले. ‘यातून किती मिळेल’ याच्या अंदाजावर हे लोक फारसे विसंबत नव्हते. ‘यात किती गेले तर मला चालेल’ हा प्रश्न ते आधी विचारत. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या मांडणीला परवडणाऱ्या तोट्याचे तत्त्व म्हणतात. मिळकतीचा अंदाज भविष्यावर अवलंबून असतो. परवडणारा तोटा मात्र आजच, घरात बसून, पासबुक समोर ठेवून काढता येतो.

आम्ही तो तसाच काढला. एका रविवारी मी आणि माझे पती कागद घेऊन बसलो. घरखर्च, मुलाची फी, सासूबाईंची औषधे, घराचा हप्ता हे सगळे मांडले आणि त्यांच्या पगारातून काय भागते आणि काय उरते ते पाहिले. शेवटी एक आकडा निघाला: चौदा महिने. माझ्याकडून घरात एक पैसाही आला नाही तरी चौदा महिने घर चालेल, आणि त्यानंतर नाही. आजारपणासाठी बाजूला ठेवलेली रक्कम आणि मुलाच्या शिक्षणाची ठेव यांना हात लावायचा नाही, घर तारण ठेवायचे नाही, नातेवाइकांकडून उसने घ्यायचे नाही, हेही त्याच कागदावर लिहिले. त्याआधी कित्येक महिने माझे पती माझ्या बेताबद्दल गप्प गप्प असत आणि मला तो विरोध वाटे. त्या रविवारी ते म्हणाले, “तू किती दिवस करणार आहेस ते मला कळत नव्हते, म्हणून भीती वाटत होती. आता चौदा महिने म्हणतेस ना, मग कर.” भीती रकमेची नव्हती, तिला काठ नव्हता याची होती. माझीही तशीच होती, हे मला त्यांच्या तोंडून ऐकल्यावर कळले.

धाडस म्हणजे डोळे मिटून उडी, ही समजूत कुठून पसरली कोण जाणे. उद्योजकांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना तसे चित्र रंगवणे सोपे जात असावे. प्रत्यक्षात फिल नाइट यांनी १९६४ मध्ये बूटविक्रीची कंपनी भागीदारीत सुरू केली, जी पुढे नाइके या नावाने जगभर गेली, पण हिशेब तपासनीस म्हणून आणि नंतर महाविद्यालयात शिकवून ते पगार मिळवत राहिले; पूर्ण वेळ स्वतःच्या कंपनीत ते १९६९ मध्ये आले. स्टीव्ह वॉझनियाक यांनी १९७६ मध्ये अ‍ॅपलचा पहिला संगणक घडवला तेव्हा ते ह्युलेट-पॅकार्डमध्ये नोकरीला होते, आणि ती नोकरी सोडायला ते सहजी तयार नव्हते. जोसेफ रॅफी आणि जी फेंग यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील अभ्यासात असे दिसले की नोकरी सांभाळून व्यवसायाची सुरुवात करून मग पूर्ण वेळ उतरलेल्यांचा व्यवसाय बंद पडण्याची शक्यता, एकदम नोकरी सोडून उतरलेल्यांपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी होती. आणि अशी सावध वाट धरणारे बहुधा जोखीम टाळणाऱ्या स्वभावाचेच होते. म्हणजे भित्र्या माणसांनी भित्रेपणाने केलेली सुरुवात अधिक टिकली. मी माझ्या मालकांची रीतसर परवानगी घेऊन दीड वर्ष सुट्टीच्या दिवशी लहान वर्कशॉपमधल्या कामगारांना मोजमापाचे शिक्षण देत होते. त्यातून पैसे फारसे मिळाले नाहीत, पण कोणाची उपकरणे किती वर्षांत तपासलेली नाहीत, हे मात्र नीट कळले.

वयाचीही एक भीती होती. राजीनामा दिला तेव्हा मी एकेचाळीस वर्षांची होते, आणि नवउद्योजक म्हटले की वसतिगृहाच्या खोलीतला विशीतला मुलगाच डोळ्यांसमोर येतो. अर्थशास्त्रज्ञ पिएर अझूले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या जनगणना विभागाच्या नोंदी तपासल्या तेव्हा संस्थापकांचे सरासरी वय ४२ च्या आसपास निघाले, आणि सर्वाधिक वेगाने वाढलेल्या, हजारांत एक अशा कंपन्यांच्या संस्थापकांचे ४५. ज्या क्षेत्रात आधी काम केले आहे त्याच क्षेत्रात व्यवसाय करणाऱ्यांचे यश जास्त, हेही त्यात दिसले. माझ्यापुरता हा मुद्दा तिथेच मिटला.

आता चिकाटीबद्दल. हा शब्द मला पूर्वी फार आवडत असे आणि आता मी तो जपून वापरते.

पहिल्या तीन महिन्यांत मी ७४ फोन केले. त्यांतून ९ भेटी झाल्या आणि २ कामे मिळाली. पहिले काम अकरा प्रेशर गेजचे होते. हे आकडे मला आठवतात कारण मी ते वहीत लिहीत होते, आणि लिहीत होते कारण न लिहिता मोजले असते तर फक्त नकारच आठवले असते. फोन करायची भीती जावी म्हणून मी स्वतःशी एक ठराव केला होता: काम मिळो न मिळो, रोज सकाळी दहाच्या आत दोन फोन व्हायलाच हवेत. काम मिळणे माझ्या हातात नव्हते, फोन करणे होते. तिसाव्या-चाळिसाव्या फोननंतर छातीतली धडधड थांबली असे मी म्हणणार नाही, पण ती धडधड चालू असतानाही नंबर फिरवता येतो एवढे समजले.

तरी ७४ फोनांना २ कामे हा काही चालणारा व्यवसाय नव्हे. मी आणखी जोमाने फोन करायचे ठरवले, आणि ती चूक होती. चिकाटीचे उदाहरण म्हणून जेम्स डायसन यांचे नाव नेहमी घेतले जाते. पिशवीशिवाय चालणारा व्हॅक्यूम क्लीनर तयार करताना त्यांनी १९७९ ते १९८४ या काळात ५,१२७ नमुने बनवले, आणि त्यांतला शेवटचा यशस्वी झाला. हा आकडा ऐकून लोक म्हणतात, बघा, ५,१२६ वेळा हरूनही माणूस थांबला नाही. मला त्यातली दुसरी बाजू महत्त्वाची वाटते. ते एकच नमुना पाच हजार वेळा बनवत नव्हते. ते प्रत्येक नमुन्यात एखादीच गोष्ट बदलून परिणाम पाहत होते, त्यामुळे फसलेला प्रत्येक नमुना पुढच्याला काहीतरी सांगून जात होता. माझे ७४ फोन मात्र सारखेच होते. तेच वाक्य, तीच विनंती, तोच नकार. त्यांना चिकाटी म्हणण्यापेक्षा पाठांतर म्हणणे बरे.

म्हणून पुढच्या महिन्यात मी काम मागायचे थांबवले आणि नकार दिलेल्यांपैकी जे बोलायला तयार होते त्यांना कारण विचारले. दर परवडत नाही असे म्हणतील अशी माझी अपेक्षा होती, पण तसे फक्त दोघे म्हणाले. बाकीच्यांची अडचण वेगळीच होती. लहान वर्कशॉपमध्ये मायक्रोमीटर एक किंवा दोनच असतात; ते चार दिवस माझ्याकडे तपासणीला आले तर तोवर तिथले काम कशाने मोजायचे? मोठ्या कारखान्यात जादा संच पडून असतो, त्यामुळे अठरा वर्षांत ही अडचण माझ्या कधी लक्षातच आली नव्हती. मग मी उपकरणे माझ्याकडे मागवण्याऐवजी मास्टर संच घेऊन त्यांच्याकडे जाऊ लागले आणि जेवणाच्या सुट्टीत किंवा पाळी बदलताना तपासणी करून देऊ लागले.

यातही मेख होती, आणि ती सांगितली पाहिजे. लांबीच्या मोजमापासाठी २० अंश सेल्सिअस हे प्रमाण तापमान मानतात. पोलाद दर अंशाला मीटरमागे सुमारे साडेअकरा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वाढते, म्हणजे दहा अंशांनी तापलेला १०० मिलिमीटरचा तुकडा साडेअकरा मायक्रॉनने लांबतो. उघड्या शेडमध्ये, भट्टीच्या शेजारी उभे राहून मी बारीक अचूकतेचे सर्टिफिकेट देऊ शकत नव्हते. प्रेशर गेज, वजनकाटे आणि साधे व्हर्नियर जागेवर तपासायचे आणि बारीक काम मात्र तापमान सांभाळलेल्या खोलीतच करायचे, अशी वाटणी मी केली. त्यामुळे एक बऱ्यापैकी मोठे काम सोडावे लागले, कारण त्या गृहस्थांना सगळेच जागेवर हवे होते आणि ‘आकडा काय तो तुम्हीच टाका’ अशी त्यांची सूचना होती. खात्यात तीन महिन्यांचे भाडे भरण्यापुरतेही पैसे नसताना दिलेला तो नकार, माझ्या मते, राजीनाम्यापेक्षा जड होता.

दुसरा जड प्रसंग वसुलीचा. माझ्या तेव्हाच्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाने साडेचार महिने बिल थकवले. नाव घेण्यात अर्थ नाही. कागदावर मी त्या तिमाहीत नफ्यात होते आणि प्रत्यक्षात मदतनीस मुलाचा पगार माझ्या बचतीतून देत होते. नफा आणि रोकड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला पुस्तकी ठाऊक होते. आता ते पोटात गोळा येऊन कळले. व्यवसाय बंद पडतो तो मन खचल्यामुळे, असे आपण बोलतो, पण माझ्या पाहण्यात बहुतेकांचे मन खचण्याआधी खेळते भांडवल संपलेले असते, आणि मन त्यामागून खचते. चिकाटीला खाद्य लागते. ते खाद्य म्हणजे वेळेवर आलेले पैसे. मी दर सोमवारी त्यांच्या लेखा विभागात जाऊन बसू लागले. आवाज चढवायचा नाही, हातात बिलाची प्रत ठेवायची आणि तारीख लिहून घेतल्याशिवाय उठायचे नाही. पाचव्या सोमवारी चेक मिळाला. त्या दिवसापासून निम्मी रक्कम आगाऊ घेतल्याशिवाय मी नवे काम हातात घेत नाही. आगाऊ मागितल्याने गिऱ्हाईक जाईल ही भीती होती. गेले ते दोघे.

आता सर्वांत अवघड भाग, ज्याचे उत्तर माझ्याकडे अर्धेच आहे. किती काळ चिकटून राहायचे?

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी लोखंडी नांगर बनवला तेव्हा लोखंडाने जमिनीत विष उतरते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिले नांगर विकले जायला सुमारे दोन वर्षे लागली. ते टिकून राहिले आणि मोठा उद्योग उभा राहिला. हे उदाहरण ऐकून कोणीही म्हणेल, दोन वर्षे थांबावेच. पण याच मापाने चार्ल्स गुडइयर या अमेरिकी संशोधकाकडे पाहावे. रबर उष्णतेने वितळू नये आणि थंडीने कडक होऊन तडकू नये यासाठी त्यांनी कित्येक वर्षे प्रयोग केले, कर्जापायी तुरुंगवास भोगला, आणि १८३९ मध्ये गंधक व उष्णता यांच्या साहाय्याने त्यांना मार्ग सापडला. पेटंटही मिळाले. तरी १८६० मध्ये ते वारले तेव्हा डोक्यावर प्रचंड कर्ज होते. आज त्यांचे नाव लावणारी टायर कंपनी १८९८ मध्ये निघाली, आणि तिच्याशी त्यांचा किंवा त्यांच्या कुटुंबाचा संबंध नाही. चिकाटीत ते कोणापेक्षाही उणे नव्हते. तोट्याला काठ मात्र त्यांनी कधी आखला नव्हता.

चिकटून राहण्यामागे नेहमी विश्वासच असतो असे नाही. बॅरी स्टॉ यांनी १९७६ मध्ये व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. आधीचा गुंतवणुकीचा निर्णय ज्यांनी स्वतः घेतला होता, त्यांनी तो फसल्याचे दिसल्यावर त्याच जागी इतरांपेक्षा अधिक पैसे घातले. आपला निर्णय चुकला हे कबूल करण्यापेक्षा त्यात आणखी पैसे ओतणे मनाला सोपे वाटते. ब्रिटन आणि फ्रान्स यांनी १९६२ मध्ये करार करून हाती घेतलेल्या, आवाजापेक्षा वेगवान अशा काँकॉर्ड प्रवासी विमानाचे तेच झाले. खर्च वाढत गेला, खरेदीदार गळाले, तरी दोन्ही सरकारे पुढे जात राहिली, आणि अखेर अवघी २० विमाने बनली.

याउलट स्ट्युअर्ट बटरफिल्ड यांचे पाहा. त्यांच्या कंपनीने २०११ मध्ये ‘ग्लिच’ नावाचा ऑनलाइन खेळ खुला केला आणि पुरेसे खेळाडू टिकत नाहीत असे दिसल्यावर २०१२ अखेर तो बंद केला. खेळ बनवताना आपापसांत निरोप देण्यासाठी त्यांनी जे साधन तयार केले होते, तेच पुढे ‘स्लॅक’ या नावाने बाजारात आले. त्यांनी चिकाटी सोडली की धरली, हे ठरवणे कठीण आहे. मला वाटते, माणसे आणि कौशल्य धरून ठेवले आणि खेळ सोडला. माझ्या बाबतीत कॅलिब्रेशन धरायचे होते आणि ‘उपकरण माझ्याकडे पाठवा’ हा आग्रह सोडायचा होता. हे आज सांगताना फार स्वच्छ दिसते. त्या महिन्यांत ते इतके स्वच्छ मुळीच नव्हते.

चौदा महिन्यांच्या कागदावर आम्ही आणखी एक ओळ लिहिली होती: बाराव्या महिन्याअखेर पुन्हा पुन्हा काम देणारी निदान सहा गिऱ्हाइके असावीत, नसतील तर नोकरीचे अर्ज सुरू करायचे. ही ओळ मन शांत असताना लिहिलेली होती, आणि म्हणूनच तिचे मोल मोठे होते. बारावा महिना संपला तेव्हा अशी गिऱ्हाइके पाच होती. मी लगेच वकिलासारखी बाजू मांडू लागले: सहावे जवळजवळ ठरले आहे, जागेवर तपासणी सुरू करून सहाच महिने झाले आहेत, वगैरे. पतींनी कागद पुढे ठेवला आणि काहीही बोलले नाहीत. शेवटी मी दोन्ही केले. नोकरीचे तीन अर्ज पाठवले आणि उरलेले दोन महिने काम चालू ठेवले. तेराव्या महिन्यात सहावे आणि सातवे गिऱ्हाईक मिळाले. एका ठिकाणाहून मुलाखतीचे बोलावणेही आले, आणि मी गेले नाही. गिऱ्हाइके मिळाली नसती तर मी खरोखर थांबले असते का? थांबले असते असे मी सगळ्यांना सांगते. रात्री एकटी असताना मला तेवढी खात्री नसते.

व्यवसाय बंद होणे हे अपवादात्मक नाही, हेही सांगायला हवे. अमेरिकेच्या श्रम सांख्यिकी विभागाच्या आकडेवारीत साधारण एकच चित्र वर्षानुवर्षे दिसते. नव्या आस्थापनांपैकी सुमारे पंचमांश पहिल्याच वर्षी बंद पडतात, पाच वर्षांनी निम्म्या उरतात आणि दहा वर्षांनी जेमतेम एक तृतीयांश. बंद झालेली प्रत्येक आस्थापना बुडालेलीच असते असेही नाही. कोणी विकून टाकते, कोणी निवृत्त होते, कोणाला चांगली नोकरी मिळते. पण व्याख्यानांना बोलावणे येते ते उरलेल्यांना, आणि उरलेले सांगतात की आम्ही हार मानली नाही. हार न मानता बुडालेल्यांचे व्याख्यान कोणी ठेवत नाही.

माझ्याबरोबर, त्याच वर्षी, एका मैत्रिणीने व्यवसाय सुरू केला होता. कारखान्यांसाठी कामगारांचे गणवेश शिवून देण्याचा. तिची मेहनत माझ्यापेक्षा कणभरही कमी नव्हती, आणि फोन करण्याचे धाडस तर माझ्या दुप्पट होते. दुसऱ्या वर्षी दोन मोठ्या गिऱ्हाइकांची बिले एकाच वेळी अडकली. तिनेही आधी एक आकडा ठरवला होता. तो आल्यावर तिने मशिनी विकल्या, कारागिरांचे पगार चुकते केले, कापडवाल्याची उधारी फेडली आणि पुन्हा नोकरी धरली. शटर खाली ओढायला जे धाडस लागते त्याबद्दल तिला कोणी विचारले असेल असे मला वाटत नाही. अडकलेल्या बिलांपैकी शेवटचे गेल्या महिन्यात वसूल झाले, तेव्हा तिने मला फोन केला. बऱ्याच गप्पा झाल्या. बोलता बोलता मी विचारले की पुढच्या वेळी तू काय वेगळे करशील. माझे शब्द चुकले असे मला लगेच वाटले, कारण पुढची वेळ आहे असे तिने कधीच म्हटले नव्हते.

ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “निम्मी रक्कम आगाऊ घेईन. आणि कापड स्वतः विकत घेणार नाही, त्यांनाच द्यायला सांगेन.”